अशुद्ध वाक्यें शुद्ध करा

इंग्रजीच्या शालेय प्रश्नपत्रिकेंत "खालील अशुद्ध वाक्यें शुद्ध करून लिहा" या अर्थाचा एक प्रश्न पिढ्यान् पिढ्या येत आला आहे. दोन मुलगे खेळत होते हें सांगण्यासाठीं 'टू बॉईज वॉज प्लेइंग' असें छापलेलें असतें. विद्यार्थी 'वॉज' खोडतो, त्या जागीं 'वेअर' लिहितो, गुण मिळवितो आणि पुढच्या वाक्याकडे वळतो. हा प्रश्न इतका अंगवळणीं पडला आहे कीं त्यांतील विलक्षणपणा कोणाच्या ध्यानींहि येत नाहीं. ज्या भाषेचें एक सरळ वाक्य मुलाच्या तोंडीं अजून नीट बसलेलें नाहीं, त्या भाषेचें मोडकें वाक्य मुद्दाम घडवून त्याच्यापुढें ठेवावयाचें, आणि तें त्यानें दुरुस्त करावें अशी अपेक्षा धरावयाची! वैद्यानें प्रथम रोग द्यावा आणि मागाहून औषध द्यावें, असाच हा प्रकार दिसतो. तथापि ज्यांनीं ही रीत काढली तीं माणसें अविचारी नव्हतीं, आणि तिच्या बळावर कांहीं माणसें अगदीं तळांतून वर आलीं, हेंहि तितकेंच खरें आहे.

हा वाद इंग्रजी भाषेहून फार जुना आहे. इसवी सनापूर्वींच्या दुसऱ्या शतकांत पतंजलीनें महाभाष्याच्या आरंभींच तो उपस्थित केला. शब्दांचें ज्ञान करून द्यावयाचें तर शुद्ध शब्द सांगावे, अपशब्द सांगावे, कीं दोन्ही सांगावे? त्याचें म्हणणें असें कीं दोहोंपैकीं एक सांगितलें म्हणजे दुसरें आपोआप कळतें. मग ज्यांत लाघव आहे तेंच करावें हें बरें. शुद्ध शब्द एक असतो, त्याचे अपभ्रंश मात्र अनेक. 'गौः' हा एक शब्द सांगितला कीं गावी, गोणी, गोता, गोपोतलिका हीं रूपें अशुद्ध आहेत हें निराळें सांगावें लागत नाहीं. निकाल शुद्धाच्या बाजूनें लागला. गंमत एवढीच कीं ज्या 'गावी'ला भाष्यकारानें अपशब्दांच्या पंक्तीस बसविलें, तीच प्राकृतांतून झिजत झिजत मराठीची 'गाय' झाली. आज 'गौः' म्हणून गाईला कोणी हाक मारीत नाहीं.

पश्चिमेकडे लॅटिन भाषेच्या एका अनामिक शिक्षकानें याच्या उलट मार्ग धरला. 'अपेंडिक्स प्रोबी' या नांवानें ओळखली जाणारी एक यादी उपलब्ध आहे. ती नेमकी कोणत्या शतकांतील याविषयीं विद्वानांत एकमत नाहीं, परंतु रोमच्या वैभवाच्या उतरत्या काळांतील अथवा त्यानंतरची आहे हें निश्चित. तींत २२७ नोंदी असून प्रत्येकीची घडण एकच : अमुक म्हणावें, तमुक म्हणूं नये. कानाला 'ऑरिस' म्हणावें, 'ओरिक्ला' म्हणूं नये. आरशाला 'स्पेक्युलम' म्हणावें, 'स्पेक्लम' म्हणूं नये. या शिक्षकाचा त्रागा ओळीओळींतून जाणवतो. पण त्याचे विद्यार्थी आणि विद्यार्थ्यांचे शेजारी 'ओरिक्ला'च म्हणत राहिले, आणि फ्रेंच व इटालियन भाषांतील कानाचे शब्द त्या 'ओरिक्ला'पासूनच निघाले. लोक प्रत्यक्ष कसें बोलत होते याचा पुरावा आज भाषाशास्त्रज्ञांना मिळतो तो या बिचाऱ्या गुरुजींनीं टिपून ठेवलेल्या चुकांवरून.

इंग्लंडांत दीर्घकाळ 'ग्रामर' या शब्दाचा अर्थ लॅटिनचें व्याकरण असाच होता. ग्रामर स्कूल म्हणजे लॅटिनची शाळा. इंग्रजी ही घरची भाषा; तिला व्याकरण तें कसलें असावयाचें, अशीच समजूत होती. विल्यम बुलोकर यानें १५८६ मध्यें इंग्रजीचें पहिलें छापील व्याकरण काढलें. तें लॅटिनच्या सांच्यावर बेतलेलें होतें. त्यानंतर दीडशें वर्षें अशीं व्याकरणें निघत राहिलीं. त्यांचा तपशील येथें देण्याचें कारण नाहीं. त्यांत नियम असत, व्याख्या असत. परंतु विद्यार्थ्यानें स्वतः हात चालवावा असें फारसें कांहीं नसे.

ही उणीव भरून काढण्याचें श्रेय एका स्त्रीकडे जातें, आणि तें तिला पुष्कळ उशिरानें मिळालें. न्यूकॅसल येथें मुलींची शाळा चालविणाऱ्या ॲन फिशर यांचें 'अ न्यू ग्रामर' हें पुस्तक १७४५ च्या सुमारास निघालें. फिशरबाईंचे पति थॉमस स्लॅक हे मुद्रक होते. पुढें १७६४ मध्यें या दांपत्यानें 'न्यूकॅसल क्रॉनिकल' हें वृत्तपत्र काढलें. घरांत नऊ मुली, दाराशीं छापखाना, आणि त्यांतच शाळा! लॅटिन न शिकलेल्या मुलींना नाम, विशेषण या संज्ञांचीं लॅटिन नांवें घोकावयास लावण्यांत कांहीं अर्थ नाहीं हें त्यांनीं ओळखलें आणि साध्या इंग्रजी नांवांनीं काम चालविलें. त्याहून महत्त्वाचें म्हणजे त्यांनीं अशुद्ध इंग्रजीचे पाठ दिले. ही युक्ति मूळची लॅटिनच्या वर्गांतील. परंतु ती इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकांत आणून रूढ केली ती फिशरबाईंनीं. त्यांच्या मुलींना इंग्रजी बोलतां येतच होतें. जी चूक घरीं व बाजारांत कानावर पडते, ती कागदावर आणून तिच्याकडे बोट दाखविणें हा त्या पाठांचा हेतु. ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे, कारण हिंदुस्थानांत ही रीत आली तेव्हां नेमकी हीच बाजू दृष्टीआड झाली.

१७६१ मध्यें जोसेफ प्रीस्टली यानें इंग्रजी व्याकरण लिहिलें. प्राणवायूच्या शोधाशीं ज्याचें नांव जोडलें जातें तोच हा प्रीस्टली. भाषेंत रूढि हाच प्रमाण, असें त्याचें मत. दुसऱ्याच वर्षीं, १७६२ मध्यें, रॉबर्ट लाउथ याचें व्याकरण प्रसिद्ध झालें. हा धर्मोपदेशक पुढें लंडनचा बिशप झाला. त्यानें अशुद्धतेचीं उदाहरणें हुडकण्यासाठीं बाजारांत जाण्याचे श्रम घेतले नाहींत. शेक्सपिअर, मिल्टन, स्विफ्ट, पोप यांच्याच ग्रंथांतून वेंचून तीं तळटीपांत मांडलीं. एवढ्या मोठ्यांच्या चुका दाखविणाऱ्याचा दरारा वाढला यांत नवल नाहीं. शब्दयोगी अव्यय वाक्याच्या शेवटीं टाकण्याची लकब गंभीर लेखनास शोभत नाहीं, असें त्यानें लिहिलें. आणि तें लिहितांना त्याच्या स्वतःच्या वाक्याचा शेवट अशाच अव्ययानें झाला. ही थट्टा त्यानें जाणूनबुजून केली कीं ती अनवधानानें झाली, यावर आजहि तर्क चालतात.

परंतु शाळाशाळांतून जें नांव गाजलें तें लिंडले मरे याचें. मरे हा इंग्लंडचा नव्हे, अमेरिकेचा. १७४५ मध्यें पेनसिल्व्हानियांत क्वेकर पंथाच्या घराण्यांत त्याचा जन्म झाला. न्यूयॉर्कमध्यें वकिली व व्यापार करून त्यानें चांगला पैसा मिळविला आणि प्रकृति बिघडल्यामुळें १७८४ मध्यें तो इंग्लंडांत येऊन यॉर्क शहरालगत होलगेट येथें राहिला. पायांतील शक्ति हळूहळू गेली, चालणें थांबलें. यॉर्क येथें क्वेकर मुलींची एक शाळा होती. तेथील तरुण शिक्षिकांना व्याकरण कसें शिकवावें हें कळेना, म्हणून त्या या अपंग गृहस्थाकडे येत, आणि अखेरीस त्यांनीं पुस्तकच लिहून द्यावें असा आग्रह धरला. १७९५ मध्यें 'इंग्लिश ग्रामर' निघालें. त्यांत मरे याचें स्वतःचें असें थोडेंच होतें. लाउथ, प्रीस्टली आदिकरून पूर्वसूरींच्या ग्रंथांतून आपण संग्रह केला आहे, हें त्यानें प्रस्तावनेंत मोकळेपणानें मान्य केलें. त्याची खरी कामगिरी दोन वर्षांनंतरची. १७९७ मध्यें त्यानें अशुद्ध वाक्यांचें एक स्वतंत्र पुस्तक काढलें आणि त्याच्या जोडीला, वेगळें बांधून, त्या वाक्यांचीं शुद्ध रूपें देणारें दुसरें पुस्तक काढलें. पहिल्याचें नांव 'एक्सरसाइझेस', दुसऱ्याचें 'की'.

या दुसऱ्या छोट्या पुस्तकानें जें घडलें तें मोठें होतें. उत्तरें हाताशीं आलीं म्हणजे शिक्षकावांचूनहि अभ्यास करतां येतो. खाजगी रीतीनें शिकणाऱ्यांसाठीं ही किल्ली आहे, असें मरे यानेंच सांगून ठेवलें होतें. रात्रीं काम आटोपल्यावर उमेदवार कारागिरानें दहा वाक्यें शुद्ध करावीं, पान उलटून ताडून पहावीं आणि आपली चूक आपणच ओळखावी. शाळेचा उंबरा ज्याला ओलांडतां आला नाहीं, त्याच्या हातीं हें साधन प्रथमच आलें. मरे याच्या पुस्तकांच्या लक्षावधि प्रती अटलांटिकच्या दोन्ही तीरांवर खपल्या. लाभाची रक्कम त्यानें परोपकारांत घातली. त्याच्या वाक्यांत नीतिबोध फार, हा त्याचा दोष म्हणावा लागेल. क्रियापदाचें वचन दुरुस्त करतां करतां मुलाचें चारित्र्यहि दुरुस्त व्हावें अशी त्याची उत्कंठा होती. १८२६ मध्यें तो वारला.

अशुद्ध वाक्याला शस्त्राचें रूप दिलें तें विल्यम कॉबेट यानें. शेतकऱ्याचा हा मुलगा १७८४ मध्यें शिपाई म्हणून पलटणींत दाखल झाला. वेतन रोज सहा पेन्स. लाउथचें व्याकरण त्यानें मिळविलें, पुनः पुनः उतरून काढलें, मुखोद्गत केलें आणि पहाऱ्यावर उभा असतांना मनांतल्या मनांत घोकलें. बिछान्याची कड हें आसन, पाठीवरची पिशवी हें कपाट. मेणबत्तीला पैसा नाहीं, म्हणून हिंवाळ्यांत शेकोटीच्या उजेडांत, तोहि आपली पाळी येईल तेव्हां, अभ्यास करावयाचा. कागद-शाई घ्यावयाची तर पोटाला चिमटा. एकदां दुसऱ्या दिवशीं सकाळीं मासळी घेण्यासाठीं त्यानें अर्धा पेनी मोठ्या कष्टानें शिल्लक टाकला. रात्रीं कपडे काढतांना पाहिलें तों तो हरवलेला. पांघरुणांत तोंड खुपसून आपण लहान मुलासारखे रडलों, हें त्यानें उतारवयांत स्वतःच लिहून ठेवलें आहे. हाच शिपाई पुढें इंग्लंडांतील सर्वांत धारदार लेखणीचा पत्रकार झाला. १८१७ मध्यें सरकारनें मुस्कटदाबीचे कायदे केले तेव्हां अटक टाळण्यासाठीं तो अमेरिकेंत गेला, आणि तेथें बसून त्यानें आपल्या मुलास लिहिलेल्या पत्रांच्या रूपानें इंग्रजी व्याकरण लिहिलें. तें १८१८ मध्यें प्रसिद्ध झालें. शिपाई, खलाशी, उमेदवार कारागीर आणि नांगऱ्ये यांच्या उपयोगासाठीं हें पुस्तक आहे, असें मुखपृष्ठावरच नमूद होतें.

कॉबेटनें अशुद्ध वाक्यें बनविलीं नाहींत. तीं त्यानें गोळा केलीं, आणि तीहि विद्वानांच्या व सत्ताधीशांच्या लेखनांतून. डॉक्टर जॉन्सनच्या चुका आल्या. पुढें १८२३ च्या आवृत्तींत मुत्सद्द्यांनीं अशुद्ध लिहूं नये म्हणून सहा धडे जोडले, त्यांत राजाच्या भाषणांतील व मंत्र्यांच्या खलित्यांतील वाक्यें सोलून काढलीं. त्या काळीं मतदानाचा हक्क मागणाऱ्या सामान्य माणसास भाषेवरून अडाणी ठरविणें हें सत्ताधीशांना फार सोयीचें होतें. राजाच्याच भाषणांतील क्रियापद चुकलें आहे हें नांगऱ्याला दाखवितां येऊं लागलें, म्हणजे त्या तिरस्काराची धार निम्मी बोथट होते. व्याकरणाच्या पुस्तकानें राज्यकर्त्यांना इतकें अस्वस्थ केल्याचें उदाहरण विरळाच.

अमेरिकेंतील एक प्रसंग सर्वश्रुत आहे. १८३१ मध्यें न्यू सालेम या खेड्यांत येऊन राहिलेला एक उंच, किडकिडीत दुकानकारकून गांवच्या शिक्षकाला विचारता झाला कीं व्याकरण शिकण्याचा उपाय काय? पुस्तक गांवांत नव्हतें. सहा मैलांवर एकाकडे कर्कहॅमचें व्याकरण होतें. तो पायीं गेला आणि तें घेऊन आला. त्या पुस्तकांतहि नियमांखालीं अशुद्ध वाक्यें दिलेलीं आहेत. त्या तरुणाचें नांव अब्राहाम लिंकन. ज्याला सारें मिळून एक वर्षभरहि शाळा लाभली नव्हती, त्याच्या भाषणांचे उतारे पुढें इंग्रजी गद्याचे नमुने म्हणून मुलांना पाठ करावे लागले.

मुंबई इलाख्यांत ही विद्या आली ती निराळ्या वाटेनें. बाळशास्त्री जांभेकर यांनीं १८३२ मध्यें सुरू केलेल्या 'दर्पण' पत्रांत एका स्तंभांत इंग्रजी व शेजारच्या स्तंभांत मराठी मजकूर असे. दोन भाषा अशा शेजारीं शेजारीं ठेवून ताडून पाहणें हाच एक उत्तम अभ्यास होता. १८३६ मध्यें दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचें मराठी व्याकरण निघालें, आणि इंग्रजी व्याकरणाची मांडणी मराठीच्या अंगावर चढली. मेजर कँडी यांच्या प्रयत्नानें स्वल्पविराम, अर्धविराम हे पाहुणे मराठींत आले व घरचे झाले. १८५७ मध्यें मुंबई विद्यापीठ स्थापन झालें, १८५९ मध्यें पहिली प्रवेशपरीक्षा झाली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे तिच्यांतून उत्तीर्ण झाले. तेथून पुढें इंग्रजी व्याकरण ही विद्या राहिली नाहीं, ती वेस झाली. तिच्या आंत सरकारी नोकरी, वकिली, महाविद्यालय. बाहेर बाकी सर्व. एका विषयांत चार गुण कमी पडल्यानें घरीं परतलेल्या मुलांची मोजदाद कोणीं केली नाहीं.

परीक्षा आली, आणि अशुद्ध वाक्यांचा पाठ तिला फार मानवला. तपासणें सोपें, उत्तर एकच, वाद नाहीं. परंतु फिशरबाईंच्या मुली आणि कोंकण-देशावरील मुलें यांच्यांत जें अंतर होतें तें कोणी पाहिलें नाहीं. त्या मुलींना चूक कानानें ओळखीची होती. शुद्धाशीं ती ताडून पाहण्यास त्यांच्याजवळ भाषेचा सांठा होता. मराठी मुलापाशीं तो नव्हता. शिवाय त्याच्या चुका निराळ्या जातीच्या. मराठींत उपपदच नाहीं, तेव्हां 'अ' आणि 'द' हे दोन चिमुकले शब्द त्याला जन्मभर छळतात. "मला दोन भाऊ आहेत" येथें मराठींत भाऊ हा कर्ता. इंग्रजींत मात्र मुलाला भाऊ 'हॅव' करावे लागतात. "त्यानें आंबा खाल्ला" येथें क्रियापद आंब्याच्या लिंगवचनाप्रमाणें चालतें. इंग्रजीला आंब्याची पर्वा नाहीं. लंडनच्या किंवा न्यूकॅसलच्या मुलासाठीं जमविलेल्या चुका दुरुस्त करून या चुका जाणार कशा?

या प्रश्नाला मराठी माणसानें दिलेलें एक उत्तर म्हणजे द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांची 'भाषांतर पाठमाला'. तिचे तीन भाग महाराष्ट्रांतील किती घरांतून फिरले असतील! थोडे शब्द, एक नियम, मग मराठी वाक्यें इंग्रजींत आणि इंग्रजी वाक्यें मराठींत. पुढल्या पाठांत मागचें सारें पुनः यावयाचें. वाक्यांचा एकमेकांशीं संबंध नसे, एका ओळींत राजा तर दुसरींत बैल. यावरून पुष्कळ विनोद झाले. पण दोन भाषांच्या सांध्यावर बोट ठेवण्याचें काम त्या बैलानें व राजानें चोख बजावलें. विद्यार्थी येथें दुसऱ्याची बनावट चूक दुरुस्त करीत नव्हता. तो स्वतः वाक्य बांधीत होता, आणि चुकलाच तर ती त्याची स्वतःची चूक असे. गोपाळ गणेश आगरकर यांनीं १८८८ मध्यें 'वाक्यमीमांसा' लिहून इंग्रजीच्या वर्गांतील वाक्यपृथक्करण मराठीला लावलें, तेंहि याच काळांतील. परकी भाषा शिकतां शिकतां स्वभाषेकडे नव्यानें पाहण्याची ही दृष्टि हा त्या कष्टप्रद शिक्षणाचा खराखुरा लाभ होय.

विसाव्या शतकांत पतंजलीचा पक्ष पुनः उभा राहिला, आणि तो उभा केला हॅरल्ड पामर या इंग्रज शिक्षकानें. बेल्जममध्यें इंग्रजी शिकवितां शिकवितां त्याचे विचार पक्के झाले. १९२२ मध्यें तो जपानांत गेला आणि पुढच्याच वर्षीं टोकियो येथें इंग्रजी अध्यापनाच्या संशोधनाची संस्था त्यानें उभारली. शुद्ध लिहितां-बोलतां येण्याइतकी तयारी होईपर्यंत विद्यार्थ्यास चुकण्याची संधीच देऊं नये, असें त्याचें सूत्र होतें. संवय जशी लागते तशी राहते. मग वाईट संवय लावावी कशाला? त्यानें वाक्यांचे तक्ते केले. एका स्तंभांत कर्ते, दुसऱ्यांत क्रियापदें, तिसऱ्यांत कर्में. कोणत्याहि ओळींतून कोणताहि शब्द उचला, वाक्य शुद्धच होतें. पांच कर्ते, पांच क्रियापदें व पांच कर्में घेतलीं तर एकशें पंचवीस वाक्यें, आणि एकहि चूक नाहीं. त्याच्या कार्याचा वारसा ए. एस. हॉर्नबी यानें चालविला. परभाषिक विद्यार्थ्यास कोणतें क्रियापद कोणत्या रचनेंत चालतें हें सांगणारा कोश त्यानें दोन सहकाऱ्यांसह तयार केला. तो १९४२ मध्यें, जपान व इंग्लंड यांचें युद्ध चालू असतां, टोकियोंत छापला गेला. १९४८ मध्यें ऑक्सफर्डनें तो पुनः प्रसिद्ध केला, आणि त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या भारतांतील विद्यार्थ्यांच्या मेजावर आजहि दिसतात.

भारतांत मात्र तक्त्यांपेक्षां जुन्या रीतीचेंच राज्य चाललें. पर्सिव्हल ख्रिस्तोफर रेन हा मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यांतील अधिकारी. कराचीच्या हायस्कुलाचा तो मुख्याध्यापक होता. परदेशी सैन्यांतील शिपायांवरची त्याची 'बो जेस्ट' ही कादंबरी १९२४ मध्यें निघाली आणि जगभर गाजली. कादंबऱ्या मागें पडल्या. मार्टिन यांच्यासह केलेलें शालेय व्याकरण मात्र टिकलें. १९३५ च्या सुमारास निघालेल्या या पुस्तकांत नियम, उदाहरणें व अभ्यासपाठ अशी रचना आहे. पाठांची संख्या इतकी कीं एक इयत्ता संपते, पण पाठ संपत नाहींत. रेन १९४१ मध्यें वारला, पुढें एन. डी. व्ही. प्रसाद राव यांनीं पुस्तक सुधारलें. मुंबई राज्यांत स्वातंत्र्यानंतर इंग्रजी आठव्या इयत्तेपासून सुरू करण्याचें धोरण आलें, तेव्हांहि तें पुस्तक राहिलें. महाराष्ट्रांत २००० सालीं पहिलीपासून इंग्रजी आली, तेव्हांहि राहिलें. स्पर्धापरीक्षेला बसणारा तरुण आजहि तें घेतो, आणि त्याच्या प्रश्नपत्रिकेंत वाक्याचे चार तुकडे करून कोणत्या तुकड्यांत चूक आहे असें विचारलेलें असतें. 'चूक नाहीं' हाहि एक पर्याय असतो. ॲन फिशर यांच्या मुलींना ती सवलत नव्हती.

यॉर्कमध्यें लिंडले मरे याच्या बागेंतील उन्हाळी मंडप आतां तेथील 'द माउंट' या क्वेकर शाळेच्या आवारांत उभा आहे. तीहि मूळची मुलींचीच शाळा.